ओल्या पत्र्यावरचे कोटिंग

मी, खाली सही करणार, वय वर्षे अडुसष्ट, धंदा गाड्यांच्या मडगार्डांना आतून कोटिंग करण्याचा, हा कागद स्वतःच्या हाताने, शुद्धीवर राहून आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, असा लिहीत आहे. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचे कारण नाही. मीही गिऱ्हाइकांना चाळीस वर्षे हेच सांगत आलो, म्हणून कागद करून ठेवतो. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. वकीलबाईंनी बजावले आहे की मालमत्तेपुरतेच लिहा, आत्मचरित्र नको. प्रयत्न करतो.

कलम १. राहते घर, वरच्या खोलीसह, माझ्या पत्नीला. "एकटीला एवढी जागा कशाला" असे तिला कोणी विचारू नये. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी मी एकवीस वर्षे उद्या बसवतो म्हणत होतो, ती काल बसवली. पत्नी म्हणाली, "आता मात्र मला खरंच भीती वाटायला लागली."

कलम २. बँकेतली ठेव पत्नीला आणि मुलीला निम्मी निम्मी.

कलम ३. वर्कशॉप, त्यातला गाडीखाली उतरून काम करायचा खड्डा, कॉम्प्रेसर, फवारणीच्या दोन्ही गन आणि गिऱ्हाइकांच्या वह्या माझ्याबरोबर सोळा वर्षे काम करणाऱ्या रंगकामाच्या बाईंना, ज्यांना सगळे ताई म्हणतात. पाटी बदलली तरी चालेल, पद्धत बदलू नये. चाक खडी उडवते, ती मडगार्डला आतून बसते, रंगाचा टवका उडतो, तिथे पाणी शिरते आणि पत्रा गंजतो. बाहेरून गाडी चकाचक आणि आतून चाळण. म्हणून आधी धुणे, मग तारेच्या ब्रशने घासणे, मग पुरता एक दिवस वाळवणे, आणि त्यानंतरच गन हातात घेणे. ओल्या पत्र्यावर कोटिंग मारले तर ओल आत कोंडते. त्यापेक्षा गाडी उघडी राहिलेली परवडली. ताईंना हे सगळे माहीत आहे. तरी मी लिहितो आहे.

(इथे उठलो. पाणी प्यायलो. फाटकापर्यंत जाऊन आलो. पत्नी म्हणाली, "सकाळपासून नुसती उठबस चाललीय. खुर्चीला काटे आहेत का?")

कलम ४. शेजारच्या टायरवाल्याने तेरा वर्षे माझ्या गिऱ्हाइकांना "कोटिंग म्हणजे पैसे पाण्यात" असे सांगितले. त्याला माझ्याकडून कोटिंगचा एक अर्धा वाळलेला डबा द्यावा. झाकण उघडून दाखवू नये.

कलम ५. माझ्या पश्चात माझ्या धाकट्या भावाच्या पांढऱ्या गाडीचे पुढचे डावे मडगार्ड आतून खरवडून पाहावे.

हे कलम फोनवर वाचून दाखवले तेव्हा वकीलबाई म्हणाल्या, "काका, गाडी तुमची नाही. दुसऱ्याच्या गाडीबद्दल मृत्युपत्रात काय लिहिणार तुम्ही?" म्हणून खुलासा करणे भाग आहे.

अकरा वर्षांपूर्वी भाऊ ही गाडी घेऊन आला. ओल्या खडीच्या रस्त्याने आला होता, मडगार्डात चिखल थापला होता. मी म्हणालो, उद्या ये, धुऊन वाळवावी लागेल. वर्कशॉपात पाच-सहा गिऱ्हाइके उभी होती. त्यांच्यासमोर तो हसत म्हणाला, "काळं फासायला एवढा वेळ लागतो होय, दादा?" सगळे हसले. भाऊ ऑफिसात बसणारा, इस्त्रीच्या कपड्यांतला, आणि मी खड्ड्यातून अर्धा वर आलेला. माझे डोके फिरले. म्हटले, ये अर्ध्या तासात. तीन मडगार्डांवर निदान पाणी मारले, पुढच्या डाव्यावर तेही नाही. चिखलावरच गन चालवली. वरून दिसायला इतके सुरेख झाले की भावाने माझ्या पाठीवर थाप मारली.

त्याच आठवड्यात सांगता आले असते. मी नाही सांगितले. पुढे तो दर वर्षी तपासायला गाडी आणायचा, मी बोटाने टकटक करून "छान आहे" म्हणायचो. चार वर्षांपूर्वी त्याच डाव्या मडगार्डाच्या कडेला तांबूस ओघळ दिसला. चाकाचे धक्के झेलणाऱ्या शॉकअपचे वरचे टोक ज्या पत्र्याला धरून असते, त्याच्या अगदी शेजारी. तो पत्रा फाटला तर चाक जागेवर राहत नाही. मी ओघळ पुसला आणि वरून आणखी एक हात मारला. हे काम मी ताई जेवायला गेल्या असताना केले.

आता माझ्या मुलीला खाणीपलीकडच्या दवाखान्यात परिचारिकेची नोकरी लागली आहे. रस्ता सगळा सुट्या खडीचा, उताराचा. भावाने तिला ही गाडी देऊन टाकली. "काकाकडून भेट," म्हणाला. सोमवारी ती गाडी घेऊन निघणार. आज शनिवार.

वर लिहिले ते परत वाचले. 'माझ्या पश्चात खरवडून पाहावे.' मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. ऑपरेशन गुरुवारी, मुलगी निघणार सोमवारी. म्हणजे हे कलम काही कामाचे नाही, आणि ते कामाचे नाही हे मला लिहिताना ठाऊक होते. मी फक्त ते सांगताना समोर नसण्याची सोय पाहत होतो. कलम पाच रद्द. मी भावाकडे जातो.

कलम ५, पुढे. रविवार.

गेलो. पत्नीही मागोमाग आली. गाडी भावाच्या अंगणात उभी होती, ती न्यायला आलेली मुलगी तिच्यात सामान भरत होती. मी जॅक लावला, चाक काढले आणि कोणाशी न बोलता आडवा झालो. पत्नी ओरडली, "अहो, डॉक्टरांनी वाकायचंसुद्धा नाही सांगितलंय!" स्क्रू ड्रायव्हर टेकवला. जोर लावावाच लागला नाही, मुठीपर्यंत आत गेला. काळ्या सालीखाली पत्रा नव्हताच, नुसता तांबडा भुगा होता. तो माझ्या तोंडावर पडला.

मग पडल्या पडल्याच सगळे सांगितले. चिखल, हसणे, ओघळ, वरचा हात. खालून मला सगळ्यांचे पाय दिसत होते. भावजयीचे पाय सर्वांत आधी आत गेले.

मी बाहेर आलो. भावाने मला हात देऊन उठवले, ते सवयीने असेल. मला वाटत होते तो गाडीबद्दल बोलेल.

तो म्हणाला, "माझी दोन्ही पोरं याच गाडीतून शाळेत गेली, दादा. अकरा वर्षं. धाकट्याच्या वेळी बायकोला बाळंतपणाला मी यातूनच नेलं. तेव्हा तुला झोप लागत होती?"

मी तोंडावरचा भुगा पुसला.

"तुझी मुलगी बसायची वेळ आली तेव्हा तुला गंज दिसला."

मी काल दिवसभर येरझारा घातल्या, त्या मुलीच्या काळजीने. भावाच्या मुलांसाठी मी एकदाही फाटकापर्यंत गेलो नव्हतो. हे मला तो म्हणेपर्यंत खरोखर सुचले नव्हते, आणि मला त्याचीच सर्वांत जास्त लाज वाटते. वकीलबाईंनी हा मजकूर काढू नये.

कलम ६. माझी स्वतःची गाडी मुलीला. ती तिने सोमवारीच नेली. नेण्याआधी ताईंना बोलावून खालून तपासून घेतली. मी शेजारीच उभा होतो. मला विचारले नाही.

कलम ७. भावाला काय द्यावे याचा तीन दिवस विचार केला. वडिलांचे घड्याळ लिहिले, खोडले. वरची खोली लिहिली, खोडली. शेवटी फोन करून विचारले. तो म्हणाला, "मला तुझं काही नको." वकीलबाई म्हणतात की साक्षीदाराच्या वाट्याला मृत्युपत्रातून काही येता कामा नये. म्हणून त्याला साक्षीदार होशील का असे विचारले. त्याने फोन ठेवला.

बुधवारी दुपारी तो आला. चहा नको म्हणाला. ताईंना साक्षीला बोलावले नव्हते, कारण त्यांना वर्कशॉप मिळते आहे. त्यांच्याऐवजी समोरच्या घरातल्या निवृत्त मास्तरीणबाई आल्या. भावाने सगळी पाने उभ्या उभ्या वाचली, कलम पाच दोनदा. मग माझेच पेन मागून घेतले.

हे मृत्युपत्र मी दोघा साक्षीदारांसमोर सही करून पुरे केले आहे. यातली कलमे पाळावीत. मी वाचलो तरी कलम पाच, रद्द म्हटलेल्या भागासह, जसेच्या तसे राहावे.

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, बुधवार, दुपारी चार

सही: मृत्युपत्र करणार

साक्षीदार पहिल्या: मास्तरीणबाई, समोरचे घर. सही.

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ. सही. तिच्याखाली त्याच्या अक्षरात: "दादाने माझ्यासमोर सही केली. मजकूर वाचला, खरा आहे. माफ केलेले नाही. उद्या सकाळी सात वाजता त्याला दवाखान्यात मीच घेऊन जाणार आहे."