माझी वायर कुणी काढली?

थॉम्पसन, मॅनिटोबा

प्रिय बाबा,

मी ठणठणीत आहे. बाहेर उणे पस्तीस आहे, पण डोकं इतकं तापलंय की थंडी वाजत नाही.

आमच्या डेपोतल्या डिझेल ट्रकवाल्या गॉर्डीने काल माझ्या विजेच्या ट्रकची वायर खांबावरच्या सॉकेटमधून उपटली आणि तिथे स्वतःच्या ट्रकचा इंजिन-हीटर लावला. का, तर त्याचं इंजिन सकाळी गोठतं म्हणे! माझी बॅटरी अर्धीच भरली. लांबच्या वस्तीवर दूध-पाव पोचवून केबिनचा हीटर बंद ठेवून परतावं लागलं. आले मी नीट. आईला मात्र बधिर बोटांचं सांगू नका. वर हाच गॉर्डी सगळ्यांसमोर म्हणतो, "काय लिओनाबाई, थंडीत विजेचा ट्रक काय कामाचा?" चोराच्या उलट्या बोंबा!

आईचा खोकला कसा आहे?

आणि बाबा, "विजेचा ट्रक काय कामाचा" हेच तुमचंही पालुपद असतं, म्हणून विचारते. लहानपणी रोज जेवणाआधी "लिओना, ट्रकची वायर लावून ये" म्हणत मला बर्फात कोण पिटाळायचं? तो ट्रक तर डिझेलचाच होता ना?

उत्तर ऐकायला टपलेली, तुमचीच,
लिओना