भोंगा बंद करायचं बटण

नवीन पनवेल,
गुरुवार, सकाळ

प्रिय हृतिक,

तुझ्या कंपनीचे गेम खेळून बघायला दिलेस, त्यांच्या फॉर्मवर ‘खेळ कुठे सोडलात आणि का’ या प्रश्नाखाली दोनशे अक्षरांची जागा आहे. चार गेमची उत्तरं त्यात मावली. पाचव्याचं मावत नाही, म्हणून वहीची पानं फाडून बसलो आहे. चौतीस वर्षं लॉगबुकात ‘सर्व ठीक’ याच्यापलीकडे मी फारसं काही लिहिलेलं नाही, तेव्हा शुद्धलेखन बघू नकोस.

फॉर्मवर नसलेला तुझा प्रश्नही माझ्या डोक्यात आहे. रविवारी शांतीवहिनींकडे अंकिताला मागणी घालायला जायचं की नाही, हे तू तीन आठवडे विचारतो आहेस, आणि मी कधी गुडघा, कधी पाहुणे, कधी अमावास्या पुढे करतो आहे. सोमवारी तू फोनवर चिडलास. “ते कोळी आणि आपण आगरी, म्हणूनच ना बाबा?” मी फोन ठेवला. तुझ्या आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घातलं, सकाळी घातलेलं असताना. जातीचं काही नाही रे. बाप गेल्यावर पंधराव्या वर्षी घर सावरणारी, शिकून तळोज्यात सेफ्टी ऑफिसर झालेली मुलगी. तिच्यात खोट काढली तर माझी जीभ झडेल. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. ते एकदम लिहायचा धीर होत नाही, म्हणून आधी सोपे गेम घेतो. तू म्हणाला होतास, “बाबा, तुम्ही साधे खेळणारे, तुमचं खरं मत पाहिजे.” तर खरंच सांगतो.

तो एका रंगाचे तीन खडे जुळवायचा गेम. पहिले दोन दिवस मला फार आवडला. तीन खडे जुळले की एक बाई आतून ‘अप्रतिम’ म्हणते. अख्ख्या नोकरीत मला कुणी अप्रतिम म्हटलं नाही, त्यामुळे मी जरा फुशारलोच. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की मी डोळे मिटून बोट फिरवलं तरी ती अप्रतिमच म्हणते. तेव्हापासून तिच्यावरचा माझा विश्वास उडाला. माणसाला कौतुक हवं असतं, पण ते बघून केलेलं हवं असतं.

रुळांवरून पळणाऱ्या पोराचा गेम मी चहाच्या एका कपापुरता खेळलो. तो थांबत नाही, कुठे पोचत नाही, आपटला की संपला. तुझी आई माझ्या खांद्यावरून बघत म्हणाली, “ह्याला घर नाय काय?” माझंही मत तेच. फॉर्ममध्ये मी तिचंच वाक्य लिहिलं आहे, ते तुझ्या साहेबांना दाखव.

विमानातून छत्रीनं उड्या टाकून एकमेकांना मारायच्या गेममध्ये मी शंभरात अकरावा आलो. विश्वास बसणार नाही तुझा. गोळी एकही झाडली नाही. एका पडक्या घराच्या न्हाणीघरात जाऊन दार लावून बसलो. बाहेर धाडधाड चाललेलं, आमच्या टोळीतली पोरं ओरडत होती, “अंकल, कुठे आहात?” मी आवाज बंद केला आणि बसून राहिलो. आकडा आपोआप कमी होत गेला, नव्वद, साठ, तीस. गेम चांगला आहे, चित्रं सुरेख आहेत, पण छातीत धडधडतं. लपून राहिलं की माणूस बराच पुढे जातो, हे मला त्यातून शिकायचं नव्हतं. ते मला आधीच माहीत होतं.

शेतीचा गेम आता माझ्याकडे राहिलेला नाही. तो तुझ्या आईनं घेतला. आपली जमीन नव्या शहराच्या सेक्टरांखाली गेल्यावर तिच्या हाताला भाताचं रोप लागलेलं नाही, त्यामुळे ती हरखली, आणि मग चिडली. चार मिनिटांत भात पिकतो, चिखलणी नाही, लावणी नाही, बेणणी नाही. “असा भात कोन खाल?” असं म्हणते आणि परत पेरते. काल तिनं शेजारणीलाही तो गेम घेऊन दिला. हा तुझ्या यादीतला सगळ्यात चालणारा गेम आहे, लिहून ठेव.

आता पाचवा, तुझा स्वतःचा.

त्याच्याबद्दल तू मला आधी काही सांगितलं नव्हतंस. उघडला आणि समोर माझी कंट्रोल रूम. तीच हिरवट भिंत, तेच लाल-पिवळे दिवे, ती मोडक्या हाताची खुर्चीसुद्धा. तू नऊ वर्षांचा असताना सेफ्टी डेला घरच्यांना प्लांट दाखवायला नेलं होतं, तेव्हा माझ्या जोडीच्या काशिरामनं तुला उचलून त्या खुर्चीवर बसवलं होतं. एवढं सगळं तुझ्या डोळ्यांत राहिलं याचा मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आणि खाली प्लांटमध्ये पिवळं हेल्मेट घातलेला तो चिमुकला माणूस फिरतो, एक हात मागच्या खिशात घालून, जरा डावीकडे झुकून. ती चाल तू कुठून आणलीस हे मी तुला विचारणार नाही. ती चाल सगळ्या कंपनीत एकाचीच होती.

खेळ सोपा आहे. दिवा लागतो, भोंगा वाजतो, तुम्ही बटण दाबायचं, भोंगा बंद, दहा गुण. पुढच्या पातळीवर भोंगे वाढतात. इतर लोकांना ते जड गेलं असेल, मला नाही. तिसऱ्या पातळीपासून माझा अंगठा आपोआप चालायला लागला. मी टीव्हीवर बातम्या बघत होतो आणि अंगठा बटणं दाबत होता. शनिवारी तुझा फोन आला, “बाबा, सगळ्या टेस्टरांत तुम्ही एक नंबर!” तुझ्या आवाजात एवढा अभिमान मी बऱ्याच दिवसांनी ऐकला. त्याच संध्याकाळी सहाव्या पातळीवर माझं लक्ष चुकून खालच्या कोपऱ्यात गेलं. पंपहाऊसच्या दाराशी तो हेल्मेटवाला आडवा पडला होता. केव्हा पडला, मला माहीत नाही. भोंगे वाजत होते, मी ते बंद करत होतो, गुण वाढत होते. मग फाटकातून दुसरा हेल्मेटवाला आत आला आणि खेळ चालू राहिला. मी फोन पालथा ठेवला. तो गेम मी त्यानंतर उघडलेला नाही.

आता ऐक. हे मी तुझ्या आईला काल सांगितलं. तुला आज सांगतो आहे.

आमच्या पंपहाऊसमध्ये गॅस ओळखणारा एक डिटेक्टर होता. हवा दमट झाली की तो उगाच बोंबलायचा. लांडगा आला रे आला, अशी त्याची गत. सुरुवातीला आम्ही दर वेळी माणूस पाठवून बघायचो. मग दोनदा तक्रार लिहिली, कुणी बदलला नाही. मग शिफ्टमधल्या सगळ्यांनाच सवय लागली, पिवळा दिवा आणि बारीक भोंगा आला की न बघता बटण दाबायचं. कामात नवीन आलेल्याला आम्ही तेच शिकवायचो, “हा आपला रोजचा आहे, याला मनावर घेऊ नको.” पॅनलवर बसणाऱ्याला समोरचा भोंगा शांत करणं हेच काम वाटायला लागतं. भोंगा कशासाठी वाजतो, ते मागे पडतं.

भाद्रपदात नऊ वर्षं होतील. दुपारची शिफ्ट होती, सव्वाचार झाले होते. तोवर तो डिटेक्टर चौदा वेळा वाजला होता. पॅनलवर मी, बाहेर काशिराम. वॉकीवर त्याचा आवाज आला, “किस्ना, मी पंपहाऊसमदी चाललो हाय.” मी “हां” म्हणालो. गेले किती दिवस म्हणत होतास ना की मी तुझं ऐकून न ऐकल्यासारखं ‘हां’ करतो, तसंच ते ‘हां’ होतं. तीन-चार मिनिटांनी बारीक भोंगा वाजला, पंधराव्यांदा. मी बटण दाबलं. माझ्या हातात चहा होता, तो मी खालीसुद्धा ठेवला नाही. सव्वापाचला तो वॉकीवर उत्तर देईना, तेव्हा मी उठलो.

चौकशीला आलेल्या साहेबांनी डिटेक्टरबद्दल फार विचारलं नाही, तो बिघडलेला म्हणून सगळ्यांना माहीतच होता. त्यांनी एकच गोष्ट खोदून विचारली. आत जाण्याआधी त्यानं पॅनलला कळवलं होतं का? कळवलं होतं म्हणालो असतो, तर पुढचा प्रश्न मला होता, मग भोंगा वाजल्यावर तू काय केलंस? तू बारावीत होतास. आजीचं ऑपरेशन व्हायचं होतं. ही कारणं आहेत, सबबी म्हणून घे हवं तर, मी भांडणार नाही. मी म्हणालो, “नाही, कळवलं नव्हतं,” आणि सही केली. वॉकीवरचं बोलणं कुठे रेकॉर्ड होत नव्हतं. अहवालात लिहिलं गेलं की काशिराम पॅनलला न कळवता, स्वतःच्या निष्काळजीपणानं आत गेला. बावीस वर्षांत तो माणूस मला न सांगता तंबाखू थुंकायला गेला नव्हता.

काशिरामच्या तेराव्याला मी गेलो तेव्हा शांतीवहिनींनी मलाच विचारलं, “भावोजी, ते असं कसं केलं यांनी? तुमाला तरी सांगाचं ना.” मी मान खाली घालून जेवलो. त्या घरात मी त्यानंतर पाऊल ठेवलेलं नाही. रोडपालीच्या बाजारात त्या दिसल्या की मी भाजी न घेता परततो. तू आणि अंकिता एकमेकांना आवडता हे कळलं तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? आनंद नाही, भीती वाटली. मुलाच्या सुखाची भीती वाटावी, एवढा मी खाली आलो आहे.

तूच मला कौतुकानं सांगितलं होतंस की कामावर नवीन मुलं आली की अंकिता पहिल्या दिवशी त्यांना स्वतःच्या घरची गोष्ट सांगते. “माझे वडील पॅनलला न कळवता आत गेले. तुम्ही तसं करू नका.” तू म्हणालास, सगळा हॉल चिडीचूप होतो. त्या दिवशी मी जेवणावरून उठलो आणि पोट बिघडलंय म्हणालो, आठवतं? ती पोरगी माझी सही दर महिन्याला लोकांपुढे वाचून दाखवते आणि तिला माहीत नाही.

काल तुझ्या आईनं सगळं ऐकून घेतलं. भांडली असती तर बरं वाटलं असतं. मग शेतीचा गेम बंद करून फोन बाजूला ठेवला आणि म्हणाली, “पयले शांतीकडं जा. पोराचा मंग बगू.” मला वाटलं होतं, ती म्हणेल लग्न होऊन जाऊ दे, झाकली मूठ राहू दे. ती तसं म्हणाली नाही, याचा मला आधार वाटला.

आज हे मी का लिहितो आहे, ते आता सांगतो. येत्या सोमवारी अंकितापुढे नवी बॅच बसणार आहे, असं तूच म्हणालास. त्या मुलांपुढे तिनं ते वाक्य पुन्हा बोलू नये. आज गुरुवार, तिची साप्ताहिक सुट्टी, दोघी मायलेकी घरी असतील. मी आधी पोस्टात जाऊन हे पत्र स्पीड पोस्टनं टाकणार, पावती खिशात घालणार, आणि मग रिक्षानं रोडपालीला जाणार. क्रम मुद्दाम असा ठेवला आहे, कारण मी स्वतःला ओळखतो, जिन्यापर्यंत जाऊन परत फिरणारा माणूस आहे मी. पत्र गेल्यावर परत फिरून उपयोग नाही. वर लिहिलेलं सगळं दुसऱ्या कागदावर सही करून घेतलं आहे, तो वहिनींच्या हातात देईन. त्याचं काय करायचं ते त्या ठरवतील. पोलिसांत द्या म्हणाल्या तरी मी त्यांच्याबरोबर जाईन. रविवारी तू ये किंवा येऊ नकोस. त्यांच्या दारात मला उभं करायचं की नाही, हे आता त्या दोघी सांगतील, आणि तुझ्या घरात उभं करायचं की नाही ते तू. अंकिता तुला नाही म्हणाली तर तिच्यावर रागावू नकोस, एवढं मात्र बाप म्हणून मागतो. गेम चांगला झाला आहे. फक्त बटण दाबण्याचे गुण काढून टाक, जो खुर्चीवरून उठून बघेल त्याला दे. फॉर्मवरचं राहिलेलं उत्तर इथेच लिहितो. खेळ कुठे सोडलात? सहाव्या पातळीवर, पंपहाऊसच्या दाराशी. का? त्यानं मला कळवलं होतं.

तुझाच,
बाबा