सवतीची आंघोळ

३ मे, रविवार
ह्यांच्या कंबरेत उसण भरली! बादली उचलायला वाकले ते तसेच राहिले. आठवडाभर विश्रांती. आणि पहिला प्रश्न काय? — "मग गाडी कोण धुणार?" बावीस वर्षं दर रविवारी तिची आंघोळ. एवढं कौतुक माझ्या वाट्याला कधी आलं नाही. सवत मेली!
वीस तारखेला तिच्यातूनच मुलीकडे जायचंय, नातीला सुट्टीसाठी आणायला. चार तासांचा रस्ता. "कळकट गाडीतून नात आणू?" म्हणतात. शेवटी म्हटलं, मी धुते. जशी काही किडनीच मागितली, असं तोंड केलं.

५ मे, मंगळवार
धुतली! हे शेजारी खुर्ची टाकून. हुकूम सुरू — "वरून खाली. आधी टप, मग काचा, चाकं शेवटी. दोन बादल्या घे! फडकं आधी साध्या पाण्यात खळबळव, मग साबणात. नाहीतर तीच माती तिला घासशील." चाळीस वर्षं भांडी घासतेय, आणि मला शिकवतात!
बॉनेटवर मात्र मागच्या खेपेचा साबण तसाच वाळलेला. ह्यांच्या हातून? एवढे चिकित्सक! वय झालं, दुसरं काय.
पुसून झाल्यावर विचारतात, "चमकतेय ना गं?" समोर बसून मलाच विचारायचं!

७ मे
नात फोनवर — "आजोबा, मी पुढे बसणार!" हे — "बैस की, राणी."

९ मे, शनिवार
हे शेजारच्या मास्तरांबरोबर डॉक्टरकडे गेले. मी तेवढ्यात काम साधलं.
चालकाच्या दाराच्या मुठीखाली एक जुना ओरखडा. ह्यांनीच कधीतरी रंग लावला होता, थेंब जाड बसला — मसुराच्या दाण्याएवढा. सवतीच्या गालावरची चामखीळ! हार्डवेअरवाल्याने बारीक पॉलिशपेपर दिला. "काकू, पाणी लावून हळू घासा, भोवती चिकटपट्टी लावा." दीड तास घासलं. मग पॉलिश, मग मेण. बोट फिरवलं — गुळगुळीत! कंबर बरीच बरी आहे, उद्या हवा भरायला नेणार म्हणतात. बघून उडतीलच.

१० मे, रविवार
लिहवत नाही. पण लिहिते.
सकाळी हे किल्ली घेऊन खाली उतरले. तोंड कसं होतं ते बघायला मी गुपचूप मागे. आपल्या गाडीशी गेले, मुठीखाली अंगठा फिरवला. थांबले. पुन्हा फिरवला. आणि पुढे गेले! मास्तरांच्या गाडीशी. तिथेही अंगठा. मग तिसऱ्या गाडीशी. मी चार पावलांवर उभी, तरी दिसले नाही. शेवटी वर तोंड करून हाक मारली — "अगं, आपली गाडी कुठे गेली?"
मी पुढे होऊन ह्यांचा हात धरला.
जिन्याच्या पायरीवर बसून ह्यांनी सगळं सांगितलं. सहा महिने झाले. डोळ्यांपुढे मधोमध धुकं, कडेचं तेवढं दिसतं. "तो थेंब होता म्हणून सापडायची."
"आणि चालवत कसे होतात?"
"रस्ता पाठ आहे."
रस्ता पाठ आहे म्हणे! रस्त्यावरची माणसं पाठ आहेत का? नातीला पुढे बसवणार होतात ना? मी फार बोलले. मग रडले. मग दोघंही. किती वेळाने ह्यांनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. "तुला कळलं असतं, तर ही हातातून सुटली असती," म्हणाले. माझा राग तिथेच विरघळला.

१२ मे
डोळ्यांचे डॉक्टर — आहे ते टिकवू, गेलेलं येणार नाही. गाडी बंद. घरी आल्यावर हे — "विकून टाक." मी म्हटलं, सवतीला घराबाहेर काढणारी मी कोण?

२० मे
मुलगी नातीला बसने घेऊन आली. आजोबा आणि नात, दोघांनी मिळून गाडी धुतली. हे हाताने चाचपून, ती डोळ्यांनी. साबण कुठे राहिला नाही.

२८ जून, रविवार
शिकाऊ लायसन्सवर माझा पाचवा दिवस. शेजारी शिकवणारे सर, हे फाटकाशी खुर्ची टाकून. आत वळवताना खांबाला घासली — बरोबर चालकाच्या दाराला! मेलेच मी. हे उठून आले, चाचपत मुठीखाली अंगठा नेला. ओरखड्यावरून दोनदा फिरवला.
"हं," म्हणाले, "सापडली."