गायरानाचा ठराव

॥ बिरोबा प्रसन्न ॥
दि. २ सप्टेंबर १९८७

चि. सौ. छबूस,

सुंदरदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. पाण्याची टंचाई सोडली तर इकडं बाकी खुशाल हाय. पोळ्याला बैलांच्या अंगावरून नुसता ओला हात फिरवला.

नगरपालिकेत सध्या एकच विषय. आपलं ऐंशी एकर गायरान सहकारी औद्योगिक वसाहतीला द्यायचं का न्हाई. तेलाची गिरणी, जिनिंग, सूतगिरणी, लई काय काय येणार म्हणे. सहाशे माणसांना काम लागलं तर दसऱ्याला कोयता घेऊन ऊसतोडीला गाव सोडायला नको. पण यंदा पाणी टिकलंय ते गायरानातल्या विहिरीलाच, आणि ती कुंपणात जाणार. मुख्याधिकारीसाहेबांनी फायद्या-तोट्याचा कागद काढलाय. आठ मेंबर इकडं, आठ तिकडं. सतरावा मी. लोक आजकाल मला लांबूनच रामराम घालायलेत.

सभागृहाच्या भिंतीला वसाहतीचा नकाशा लावलाय. त्यात निळं तळं, हिरवी झाडं. दुपारी लाइट जाते, पंखा थांबतो आणि मला गुंगी येते. मग त्या नकाशातले कारखाने उभे राहतात, कसलाच आवाज न्हाई, आणि मधल्या रस्त्यानं तुमची मेंढरं चाललेली दिसतात. पुढं दाजी, खांद्यावर घोंगडी. त्यांना कुणी अडवत न्हाई. मग शेजारच्या मेंबर विमलबाई कोपर मारून उठवतात.

दिवाळीला तुमच्या मेंढरांचा वाडा आठ दिवस त्याच गायरानात बसतो आणि तेवढंच तुझं माहेर, हे मला ठाऊक हाय. म्हणूनच मला हे तोलता येईना. तुमच्या बिरोबाला माझ्या नावानं कौल लाव. देवाला चिकटवलेली उजवी कळी आधी पडली तर द्यायचं, डावी पडली तर न्हाई. मी तसा हात वर करीन. दाजींना नमस्कार, भाची अंजनाला आशीर्वाद.

तुझा
सुंदरदादा


॥ बिरोबा प्रसन्न ॥
दि. १४ सप्टेंबर १९८७

तीर्थरूप दादास,

छबूचा साष्टांग नमस्कार. वि. वि. मी सांगते आणि अंजना लिहिते. ती मधी मधी हसायली, तिकडं ध्यान देऊ नको. मेंबर झाल्यापासून तू सभेत झोपतोस, हे ऐकून तुझ्या दाजींना लई बरं वाटलं. ते म्हणाले, मेंढरं राखली असती तर एवढी झोप घावली नसती.

काल ऐतवारी कौल लावला. देव न्हाऊ घालायला पाणी कुठलं? प्यायच्या घागरीत हात घालवंना. म्हणलं, आपला देव मेंढरांचा, त्याला दूध आवडंल. मेंढीच्या दुधात कळ्या भिजवून देवाच्या उजवी-डावीला चिकटवल्या आणि बसले. ऊन असं की समोरचा माळ पाण्यागत हलायला. त्या हलत्या माळातून मला तुमच्या गावची वेस दिसायली, आई चुलीपुढं दिसायली. आई जाऊन नऊ वर्षं झाली, तरी तिनं हाक मारली म्हणून मी ओ दिली. दिवस कसा गेला कळलंच न्हाई.

कळ्या काय पडल्या न्हाईत. दिवेलागणीला धोंडीराम पुजारी आला, वास घेतला आणि कपाळाला हात लावला. म्हणाला, पाण्यानं कळी सुटते, मेंढीच्या घट्ट दुधानं खळ लावल्यागत बसते. आता उद्याच्याला पण पडायची न्हाई. पाण्यानं दुसऱ्यांदा लावू का म्हणलं, तर एका प्रश्नाला दोनदा कौल नसतो म्हणाला. दूध बी गेलं आणि कौल बी. घोटाळा माझाच झाला, तू देवाला बोल लावू नको.

आता तुझं तूच ठरव. माझं मन विचारशील तर देऊ नको. मेंढरं टाकून मला आठ दिवस यायला जमत न्हाई. ती तिथं बसतात म्हणून मी तिथं येते. दुसरी वाट मला न्हाई, दादा.

तुझी
छबू


॥ बिरोबा प्रसन्न ॥
दि. २३ सप्टेंबर १९८७

चि. सौ. छबूस,

आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र वाचून आधी हसलो. मग शेवटच्या ओळी दोनदा वाचल्या.

काल सभा झाली. मी हात वर केला. गायरान दिलं.

कावून, ते सांगतो. सभेच्या आधी बाहेर आपल्या गावचा आश्रुबा उभा होता. मागच्या साली त्याच्या बायडाबाईला नववा महिना असताना ती ऊस तोडत होती. उसाच्या फडातच बाळंत झाली, लेकरू राहिलं न्हाई. आश्रुबा दारातच उभा राहिला. त्याला ओलांडून मला आत जाता येईना.

आत मी एवढंच विचारलं की मेंढरं कुठं बसायची. साहेबांनी त्या कागदावर पर्यायी व्यवस्था पाहावी असं लिहून घेतलं. शाई वाळली, विषय संपला. माझ्या बहिणीचं माहेर जातंय, हे तोंडावर आलं होतं. सोळा माणसांपुढं मला बोलायची लाज वाटली. ती लाज आता खायला उठलीय.

दुपारची गुंगी अजून येते. कारखाने दिसतात, रस्ता दिसतो. रस्त्यावर कुणी नसतं.

माझ्यावर राग धर, पण धरून ठेवू नको.

तुझा
सुंदरदादा


॥ बिरोबा प्रसन्न ॥
दि. ९ ऑक्टोबर १९८७

तीर्थरूप दादास,

छबूचा नमस्कार. वि. वि. खोटं कशाला लिहू, लई राग आला. तीन दिवस तुझं नाव काढलं न्हाई. तुझ्या दाजींनी समजवायला तोंड उघडलं, तर त्यांच्यावरच खेकसले. अंजना म्हणाली, मामानं बरोबर केलं, तर तिलाबी बोलले.

मग बायडाबाई डोळ्यापुढून हलंना. तिचं लेकरू आणि माझं माहेर एका तागडीत कुणी घालावं? तू घातलंस. मला जमलं नसतं. तू चुकलास असं म्हणायला माझी जीभ उचलत न्हाई, आणि बरोबर केलंस असंबी म्हणवत न्हाई.

परवा आमी निघतो. गायरानाला खांब रोवायलेत असं ऐकलं, म्हणून मांजरसुंब्याच्या अलीकडंच वळायचं ठरलंय. पाणी हाय त्या माळावर जायला तीन दिवस जादा लागतील. तुमचं गाव डोंगराआड राहील, दिसणारबी न्हाई. दिवाळी त्या माळावरच.

भाऊबीजेला यंदा तू ये. एष्टीनं आलास तर ओवाळणार न्हाई, सांगून ठेवते. पाटोद्यात आमाला गाठ आणि मेंढरांमागं पायी चाल. वाट किती लांबली ते तुझ्या पायांना कळू दे. मग पाट मांडते, तुला ओवाळते, आणि तुझ्याच गळ्यात पडून पोटभर रडते.

तुझी वाट बघणारी
छबू