आमझेलचा वाढदिवस आणि तुझं घाईचं कार्ड

ओबरलिंडाख,
शुक्रवार, दुपार

तीर्थस्वरूप वाल्ट्राउट आत्या हिला भाचा फोल्कमारचा सादर नमस्कार.

मी इकडे ठणठणीत आहे. तू कशी आहेस? हृदयाच्या डॉक्टरकडे जाऊन आलीस म्हणे. तो काय म्हणाला ते नीट कळव. 'बरं आहे, चाललंय' एवढ्यावर माझी बोळवण करू नकोस, कारण तब्येत विचारणं हाच माझा धंदा आहे. रोज सकाळी आमचं यान, म्हणजे आपली 'आमझेल', अँटेनाच्या टप्प्यात आली की मी तिला हेच विचारतो : बाई, अंगात ऊब किती, बॅटरी किती, टाकीत इंधन किती? ती बिचारी सगळं मुकाट्याने आकड्यांत सांगते. (तुझ्यासारखं 'माझं काय मेलं विचारतोस, तू जेवलास का?' असं उलटून विचारत नाही.) तू मात्र गावभर सांगत फिरतेस की आमचा फोल्कमार अंतराळयान चालवतो. अगं, सुकाणूबिकाणू काही नसतं. मी आज्ञा वाचतो, शेजारचा योप तीच आज्ञा मोठ्याने परत वाचतो, दोघांचं जुळलं की बटण दाबायचं आणि उत्तर येईपर्यंत कॉफी पीत बसायचं. आज्ञा तिकडे पोचायला दहा मिनिटं, उत्तर इकडे यायला दहा. (आजोबांनाही उत्तर द्यायला एवढाच वेळ लागायचा, पण ते टेबलापलीकडेच बसलेले असायचे.)

आता तुझ्या कार्डाबद्दल. कार्ड सुंदर आहे, अक्षर अजून मोत्यासारखं आहे, सगळं खरं. पण आत्या, वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देऊ नयेत, दिल्या की हमखास विपरीत घडतं, हे मला शिकवलं कोणी? तूच ना? शेजारच्या हाइन्सने मला एक दिवस आधी शुभेच्छा दिल्या, तेव्हा तू त्याला झाडू घेऊन फाटकाबाहेर पिटाळलं होतंस. आणि आता आमझेलचा अकरावा वाढदिवस (उड्डाणाचा दिवस तोच आम्ही वाढदिवस धरतो) पुढच्या शनिवारी, नि तुझं 'हार्दिक शुभेच्छा' या सोमवारीच टपालात हजर!

मी ते गुपचूप खिशात घालणार होतो. पण योपने पाहिलं. योप मनाने सोन्यासारखा, पण हॉलंडचा. त्यांच्याकडे वाढदिवस एकाचा असला तरी अभिनंदन घरादाराचं होतं, अगदी सासूचंसुद्धा. त्याने कार्ड फळ्यावर लावलं आणि नियंत्रण कक्षात प्रत्येकाचा हात हातात घेऊन 'आमझेलबद्दल अभिनंदन! आमझेलबद्दल अभिनंदन!' करत फिरला. वीज दुरुस्त करायला आलेल्या माणसाचंही केलं. सगळे जर्मन पांढरेफटक. तेवढ्यात आमच्या उड्डाणप्रमुख डॉ. हिल्डेब्रांट आल्या. (भौतिकशास्त्राच्या डॉक्टर. कुंडली बघणाऱ्या पुतणीशी वर्षभर बोलल्या नव्हत्या.) त्यांनी कार्ड वाचलं.

"हा उपद्व्याप कोणाचा?"

"माझ्या आत्याचा," मी म्हणालो.

"काढा ते. गैरसमज नको, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. फळा स्वच्छ असावा, एवढंच."

मंगळवारी सकाळी आमझेल टप्प्यात आली ती क्षीण आवाजात. स्वतःहून सगळी उपकरणं बंद करून, पंख सूर्याकडे वळवून बसलेली. यान गोंधळलं की असंच करतं. आपण याला रुसवा म्हणू. (आम्ही कागदोपत्री 'सुरक्षित अवस्था' म्हणतो. म्हणजे सुरक्षित ती, आम्ही नाही.) एरवी मी चार दिवस सावकाश समजूत काढली असती. पण गुरुवारी समिती यायची होती, आमझेलला पुढे चालवायचं की कायमचं बंद करायचं ते ठरवायला. म्हातारं यान, त्यातून आजारी, असं त्यांना दिसलं की संपलंच. आणि बंद करायची ती शेवटची आज्ञा मलाच वाचावी लागली असती आणि योपला परत वाचावी लागली असती. खरं सांगतो आत्या, त्या विचाराने मी भरलेला कॉफीचा कप तसाच ओतून दिला.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी एकटा योप बसला.

कारण दुपारी सापडलं. आमझेलकडे तारे बघून दिशा ठरवणारा कॅमेरा आहे. तिच्याच अंगावरचा सोनेरी वेष्टणाचा एक पोपडा सुटून तिच्यासमोर उन्हात चमकत तरंगत होता. तिला वाटलं तारा. त्याच्या भरवशावर दिशा ठरवायला गेली आणि गोंधळली. (वयोमानाने कातडीचे पोपडे निघायचेच, तुला मी काय सांगू.) म्हणजे तुझ्या कार्डाचा काहीएक संबंध नाही, असं डॉ. हिल्डेब्रांटनी आम्हाला समजावून सांगितलं. दोनदा सांगितलं. मग आम्ही आज्ञा पाठवल्या : ते चमकतंय त्याकडे दुर्लक्ष कर, पुन्हा आकाश बघ, उपकरणं चालू कर. आणि उत्तराची वाट बघत बसलो.

तेव्हा डॉ. हिल्डेब्रांट कसंनुसं तोंड करून उठल्या आणि हळूच टेबलाखाली वाकल्या. संकट टळावं म्हणून आपण लाकडावर तीनदा टकटक करतो ना, ते करायला! पण आमच्या कक्षात लाकूड आहेच कुठे? टेबल प्लास्टिकचं, खुर्ची लोखंडी, दार काचेचं. इतक्या शिकलेल्या बाई, खोलीभर सगळ्याला टिचक्या मारत फिरल्या, मग कोपऱ्यातल्या कपाटातून झाडू घेऊन आल्या आणि त्याच्या दांड्यावर खणखणीत तीन ठोके दिले. "सवय आहे," म्हणाल्या. आम्ही रांगेने उभे राहून आपापले ठोके मारले. योपने पाच मारले, त्याला नियम माहीत नव्हता.

आणि आमझेल बोलली. तारे सापडले होते, दिशा नीट, अंगात ऊब. मी योपला मिठी मारली आणि डॉ. हिल्डेब्रांटनी झाडूला.

गुरुवारी समिती आली. आमझेलचे आकडे नव्या नवरीसारखे नटलेले. पण समितीचे अध्यक्ष सारखे मुख्य टेबलाला टेकवलेल्या झाडूकडे बघत होते. शेवटी त्यांनी विचारलंच. "पर्यायी यंत्रणा आहे," डॉ. हिल्डेब्रांट शांतपणे म्हणाल्या. अध्यक्षांनी मान डोलावली आणि निघताना कोणी बघत नाहीसं पाहून त्यावर तीन टिचक्या मारल्या. मी पाहिलं.

निकाल अजून कळलेला नाही. बाकी सर्व क्षेम. मांजराला माझा नमस्कार सांग.

तुझा,
फोल्कमार

ता. क. वाढदिवस ज्याचा, केक त्याने आणायचा, हा आपला नियम. आमझेलला यायला जमणार नाही, म्हणून तिच्या वतीने आमच्यातलाच एकजण आणतो. यंदा पाळी माझी. मागच्या पाळीला मी दुकानातला केक घरच्या ताटलीत काढून नेला होता, तो पहिल्याच घासाला ओळखला गेला. तुझ्या अंगणातले आलुबुखार पिकले असतील. दोन केक पुरतील. वरून साखर-लोण्याचा चुरा जाड.

ता. क. २. पाकीट चिकटवणार एवढ्यात डॉ. हिल्डेब्रांटचा फोन आला. आधी नुसते लाकडावर तीन ठोके ऐकू आले आणि मग त्यांनी चक्क हसत बातमी सांगितली. आमझेलला दोन वर्षं वाढवून मिळाली! पण लेखी पत्र सोमवारी येणार आहे, तेव्हा माझे आई, अभिनंदन करू नकोस. कार्ड नको, फोन नको, गावात ब्र काढू नकोस.

ता. क. ३. तुझ्या कार्डात खाली बारीक अक्षरात लिहिलं आहेस, 'त्या दिवसापर्यंत माझा भरवसा काय, म्हणून आधीच पाठवते.' ते वाचून मी तुझ्यावर जितका चिडलो तितका कोणावरच चिडलो नाही. कार्ड खणात उपडं ठेवलंय, शुभेच्छा धरलेल्या नाहीत. पुढच्या शनिवारी केक घेऊन स्वतः ये आणि शुभेच्छा योग्य दिवशी योग्य तोंडाने दे. मी स्टेशनवर येतो. आणि आमझेलबरोबर ती दोन वर्षं तुलाही घ्यावी लागतील, कारण तुझा केक एकदा खाल्ल्यावर हे लोक पाळी दुसऱ्या कोणाला देणार नाहीत. (हे लिहिताना मी झाडूच्या दांड्यावर तीनदा ठोकलं आहे. सवय आहे.)