तो गंज नव्हता

गोपाल,

मी प्राचीच्या सासरी अमडापूरला चालले आहे. भाकरी टोपल्यात आहे, पिठलं गरम करून घे. माझ्या पुरणाच्या परातीत तू मशीनची दात्यांची चाकं डिझेलमध्ये भिजत घातलीस, त्यावर आज काही बोलत नाही.

बाबा गेल्यावर विकलेली त्यांची लेथ मशीन तू मेहकरहून परत आणलीस, तेव्हा मीच तिला ओवाळलं. आणि आज सकाळी तू वायर ब्रश घेऊन तिच्या कपाळावरचा लाल थर खरवडलास. वर मला हाक मारलीस, "आई, पाह्य, सारा गंज काढला!"

अरे, ते कुंकू होतं. दर खांडेनवमीला मी लावलेलं, तेलात मुरून घट्ट बसलेलं. ती विकत घेतलेल्या फकीर मोहम्मदभाईंनी मशीनला दोनदा रंग दिला, पण तेवढी जागा सोडून. परवा इथे मशीन पोचवून देताना मला म्हणाले, "भाभी, तुमच्या हातचं हाय ते. मी काऊन पुसू?" त्यांना कळलं, तुला नाही.

पट्ट्याच्या झाकणाच्या आत कुंकवाचं आणखी एक बोट आहे. ते बाबांचं. त्या वर्षी मी तुझ्या वेळच्या बाळंतपणासाठी माहेरी होते. पूजा त्यांनी एकट्यांनी केली आणि कुंकू भलत्याच जागी लावलं. मी आल्यावर किती हसले होते.

झाकण तू काल उघडलंस. आत वाकून बघायचा माझा धीर झाला नाही.

आता जाऊन बघ. असेल तर फोन कर, मी संध्याकाळच्या बसने येते. नसेल तर करू नकोस.

आई