तिकोनी, वाटोळी आणि हिची मांडी

२ नोव्हेंबर, शनिवार

आल्या दोघी! मांजरवाल्या बाई अकराच्या सुमाराला दोन टोपल्या घेऊन जिना चढल्या. दम लागला होता तरी तोंड चालूच. एक नॉर्वेजियन जातीची, एक सायबेरियन. दोघी राखाडी, दोघींची शेपटी झाडूसारखी, दोघींच्या गळ्याभोवती झुपका. मी विचारलं, यातली कुठली कोण? तर म्हणाल्या, "आजोबा, पंधरा दिवस ठेवून घ्या. तुमची कुठली ते तीच सांगेल. दुसरी मी घेऊन जाईन."

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. पण लेकीने फोनवर बजावलंय – एकच ठेवायची, बाबा, दोघींचं कोण करणार? बरोबरच आहे तिचं.

हा खटाटोप हिच्यासाठी. फेब्रुवारीत हिची उजवी बाजू गेली, तिच्याबरोबर वाचाही. पंचेचाळीस वर्षं या बाईने मला एक वाक्य पुरं करू दिलं नाही, आणि आता घरात घड्याळ ऐकू येतं. गेल्या महिन्यात दवाखान्याच्या बाकावर कुणाचं तरी केसाळ मांजर हिच्या मांडीवर चढलं. हिचा डावा हात आपसूक फिरला आणि घशातून आवाज आला. शब्द नव्हता. पण आवाज होता. नुसता आवाज ऐकून मी बाकावर रडलो. तेव्हाच ठरवलं.

३ नोव्हेंबर

नावं ठेवली. नॉर्वेजियन ती तिकोनी – तोंड त्रिकोणी, नाक सरळ, डोळे तिरके. सायबेरियन ती वाटोळी – तोंड गोल, अंग पिंपासारखं. एकदा कळलं की चूक होत नाही.

खरा फरक मात्र केसात. एक्केचाळीस वर्षं टोप विणले मी – नाटकवाल्यांसाठी, आणि आजारात केस गेलेल्यांसाठी. शाळा तिसरीपर्यंत. बाकी सगळं उस्तादांच्या बाकावर, टपल्या खात. ते म्हणत, डोळे मीट, डोळा फसतो, बोट फसत नाही. म्हणून दोघींना डोळे मिटूनच विंचरलं. तिकोनीचा वरचा केस लांब, जरा तेलकट, पाणी निथळून जाईल असा. वाटोळीचा तीन थरांचा, खालचा थर कापसासारखा दाट. दोघींचे केस बिस्किटांच्या दोन डब्यांत वेगवेगळे ठेवले. खोड जात नाही.

सवयीने चिमटीतही चोळून पाहिले. केस अंगठा आणि बोट यांत धरून चोळला की मुळाच्या दिशेने सरकतो. माणसाचा, घोड्याचा, मांजराचा – कुणाचाही. टोप विणताना एक जरी केस उलटा लागला, तरी सगळ्याचा गुंता होतो. आमच्या धंद्याचा हा पहिला धडा.

५ नोव्हेंबर

दोघी हिच्याजवळ फिरकत नाहीत. तिकोनी कपाटावर, वाटोळी मोरीच्या कोपऱ्यात. उचलून मांडीवर ठेवली की पाय ताठ करते आणि सुटते. ही बघत राहते. ताट वाढलं आणि जेवणाराच नाही, तशी गत.

६ नोव्हेंबर

दुपारी हिचा डावा हात फिरत होता. मांडीवरच्या शालीपासून वीतभर वर, हवेत, हळूहळू, मागून पुढे नाही – पुढून मागे, अगदी गोंजारावं तसा. मनात म्हटलं, बरं झालं, हात सराव करतोय.

कपाटावरून तिकोनी बघत होती. वाटोळीही बाहेर येऊन दारात बसली होती. दोघी हिच्या तोंडाकडे बघत नव्हत्या. मांडीकडे बघत होत्या.

८ नोव्हेंबर

शाल झटकली. केस निघाले. दोघींपैकी कुणी शालीवर बसलेलं नाही, मग केस कुठले?

डोळे मिटून बोटात घेतला. लांब, मऊ, थंड. तिकोनीचा नव्हे, वाटोळीचा नव्हे. चोळला. सरकेना. उलटा धरून चोळला. तरी जागचा हलेना. वाटलं, बोटं म्हातारी झाली. मग डब्यांतला एकेक काढून चोळला, माझ्या डोक्यावरचा एक उपटून चोळला – सगळे मुळाकडे सरकले.

फक्त याला मूळ कुठलं आणि टोक कुठलं, ते कळत नाही.

९ नोव्हेंबर

बाईंना फोन केला. त्या हसल्या. म्हणाल्या, तुमच्याच जुन्या मालातला नायलॉनचा असेल. मलाही ते पटण्यासारखं वाटलं. नायलॉन जाळला की वितळून गोळी होते. हा काडी लावताच भुरकन जळाला, राखही झाली. म्हणजे खराच केस.

पण जळक्या केसाचा वास आला नाही. खिडक्या लावून दुसरा जाळला. नाहीच आला.

११ नोव्हेंबर, सोमवार

आज ही हसली! तोंड अजून वाकडं, पण हसली. आणि गळ्यातून आवाज काढला, लांबलचक, मांजराला बोलावतात तसा. मी फोन हिच्या तोंडाशी धरला. पलीकडे लेक हुंदके द्यायला लागली. मग विचारते कशी, "बाबा, कुठलीने केली ही किमया? तीच ठेवा."

मी म्हटलं, तिकोनीने. खोटं बोललो. तिकोनी कपाटावरून उतरून आता माझ्या उशाशी झोपते. हिच्यापासून जितकं लांब जाता येईल तितकी लांब.

१३ नोव्हेंबर, बुधवार

नीट लिहून ठेवायला हवं.

सकाळी नऊला बाई दोघींना लस टोचायला घेऊन गेल्या. दोन टोपल्या, दोन मांजरं, मी स्वतः झाकणं लावली. उद्या फक्त तिकोनीला परत आणायचं ठरलं. घरात आम्ही दोघंच उरलो.

दुपारी दोनच्या सुमाराला मी कचरा ठेवायला दार उघडलं. मागून आवाज आला –

"अहो, दार लावा. ती बाहेर जाईल."

स्पष्ट. हिचाच आवाज, तोच फेब्रुवारीपूर्वीचा. माझ्या हातातली पिशवी खाली पडली. मी विचारलं, "कोण ती?" हिने आधी मांडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला मीठ आणायला पाठवलं आणि मी साखर घेऊन आलो की बघायची, तसं!

दार लावलं. शेजारी जाऊन बसलो. शाल मधोमध खोलगट झाली होती. मी हात पुढे केला. हाताला काही लागलं नाही, नुसता गारवा. तरी ही मला रागावली.

"उलटं नका कुरवाळू. तिला आवडत नाही."

भीती वाटली का? वाटली. पण नऊ महिन्यांनी कुणीतरी मला रागावलं. भीती कोपऱ्यात बसवली आणि सुलट हात फिरवला.

१४ नोव्हेंबर

बाई तिकोनीला घेऊन आल्या. ती टोपलीतून निघेना, नखं रोवून बसली. उंबऱ्यावरूनच परत पाठवली. बाईंना वाईट वाटलं. जाताना म्हणाल्या, "घरात आधीचं मांजर असलं की आमची अशीच वागतात. तुमच्याकडे आहे का एखादं?"

ही आतून म्हणाली, "आहे."

१६ नोव्हेंबर

दोन दिवस हिच्या जिभेला उसंत नाही. जुनी भाडेकरीण, माझे हरवलेले चष्मे, लेकीच्या बाळंतपणात मी घातलेला घोळ – सगळं निघालं. उजवा हातही उचलते आता. मी हसतो, हो हो करतो. सुख सुख म्हणतात ते हेच.

दोन गोष्टी मात्र मनातून जात नाहीत. ही खात नाही. चहा गार होतो, पाव तसाच राहतो, म्हणते भूक नाही. आणि केस. लग्नापासून हिच्या केसांचा गुंता सोडवतोय, कारागीर नवरा केल्याचा एवढाच फायदा, असं म्हणायची. काल कंगवा वरून खालपर्यंत एकदाही अडकला नाही.

उद्या दुपारी लेक येतेय. आईचं बोलणं समोर बसून ऐकायचंय म्हणते.

१७ नोव्हेंबर, रविवार

सकाळी हिला विंचरलं. कंगव्यातला एक केस घेतला, डोळे मिटले, चोळला. सरकला नाही.

माझा एक उपटला. सरकला. अजून सरकतो.

डोळे उघडले तर ही माझ्याकडे बघत होती. खुर्ची हिच्या खुर्चीला लावून बसलो, मांडीवर धोतराची घडी नीट केली आणि म्हटलं, "दे, थोडा वेळ माझ्याकडे दे तिला."